अंध सैनिकाचा वाटाड्या

शहागंजातील घड्याळाच्या मनोऱ्यापाशी घटकाभर उभे राहून पाहा. हातगाड्या, रिक्षा, सायकली, खरेदीस आलेली माणसे! डोळस मनुष्यालाही जेथे जपून चालावे लागते, तेथून युद्धात दृष्टी गमावलेला सैनिक एकटा कसा जाईल? हातातील पांढरी काठी त्याला पायांपुढील खड्डा सांगते. परंतु कपाळाच्या उंचीवर ताणलेली एखाद्या दुकानाची दोरी तिला कळत नाही.

शिकवून तयार केलेल्या श्वानाला मात्र अशा अडथळ्यातून धन्याला वळवून नेता येते. समोरून मोटार येत असेल, तर धन्याने ‘चल’ म्हटले तरी तो जागचा हलत नाही. आज्ञा पाळावी कशी, हे त्याला शिकवतात. ती केव्हा मोडावी, हेही शिकवतात. मला तर हा दुसरा धडाच अधिक कठीण वाटतो.

पहिल्या महायुद्धात अनेक सैनिक अंध झाले. त्यांच्यासाठी 1916 साली जर्मनीतील ओल्डेनबर्ग येथे अशा श्वानांची शाळा निघाली. पुढे त्या देशात युद्धांधांच्या श्वानाच्या पोषणासाठी कायद्यानेच भत्ता मिळू लागला. अमेरिकेत रीत निराळी. तेथे श्वान बहुधा धर्मादाय संस्था देतात आणि सरकार त्याच्या औषधोपचाराचा भार उचलते. परंतु ज्यांचे शरीर धड आहे, पण युद्धाच्या आठवणींनी ज्यांची झोप उडाली आहे, त्यांचे काय? श्वानाचा त्यांना उपयोग होतो याचा पुरेसा पुरावा नाही, असे म्हणून 2012 च्या नियमाने त्यांना वगळले. शेवटी 2021 साली कायदा होऊन पाच रुग्णालयांत पाच वर्षांचा प्रयोग ठरला. त्यात माजी सैनिकाने स्वतःच श्वानाला शिकवावे, आणि पुढे इच्छा असल्यास त्याला घरी न्यावे, अशी सोय आहे.

आता आपल्याकडे वळू. पुण्यात 1944 पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. सैनिकाला तेथे मिळालेल्या पायाला कोणी भीक म्हणत नाही. ते देशाने फेडलेले ऋण होय. मग अंधाचे डोळे होणारा श्वान निराळा का मानावा? 1949 पासून 7 डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो. त्या दिवशी तुम्हीही डब्यात नाणे टाकले असेल. ते अवश्य टाकावे. परंतु डबा एखाद्या वर्षी भरतो, एखाद्या वर्षी अर्धा राहतो. श्वानाला तर रोज खावयास लागते. शिवाय काही वर्षांनी तो थकतो आणि दुसरा तयार करावा लागतो. असा नित्याचा खर्च सरकारी तिजोरीनेच उचलावा, हे मला न्यायाचे वाटते.

पैसा मिळाला तरी एक अडचण उरतेच. आपल्या रस्त्यांवरील मोकाट कुत्री या शिकलेल्या श्वानाला सुखाने चालू देतील काय?

अभ्यास
1. श्वानाने धन्याची आज्ञा केव्हा मोडावी? का?
2. ‘भीक’ आणि ‘ऋण’ या शब्दांच्या अर्थांतील भेद पाठाच्या आधारे सांगा.