पेरणीआधी माती झाका : परसबागेतील आच्छादनाचा एक धडा



वळवाच्या दोन सरी पडल्या की अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातील वाड्यांमधून घरामागची उघडी जागा आठ-दहा दिवसांत हिरवी दिसू लागते. ती हिरवळ भाजीची नसते, तणाची असते. परसबागेचे बी अजून गाडग्यात असते आणि तणाने जागा आधीच धरलेली असते.

पुढचे दोन महिने घरातील बाईला श्वास घ्यायला फुरसत नसते. भाताची व नाचणीची लावणी, गुरे, पाणी, लेकरे. लावणी उरकली की कित्येक जोडपी नारायणगाव, ओतूर या बागायती भागात मजुरीला जातात. तेथे निंदणी-खुरपणीचे काम बहुतेक बायकांच्याच वाट्याला येते. दुसऱ्याच्या मळ्यात दिवसभर खुरपे चालवणाऱ्या बाईला स्वतःच्या दोन वाफ्यांसाठी सवड मिळत नाही. श्रावणापर्यंत दोडक्याचा वेल तणात हरवतो आणि ज्या घराला भाजीची सर्वांत जास्त गरज, ते घर आठवडे बाजारात भाजी विकत घेते.

म्हणून परसबागेसाठी बियाणे देणाऱ्याने आधी एक प्रश्न विचारावा : या बागेची खुरपणी कोण करणार? याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपून ते घरोघरी पोहोचवले. या कामासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. असे चांगले बी हाती आले, तरी त्याला मोकळी जागा मिळाली तरच ते फळ देते. पेरणाऱ्याच्या दाखल्यात (मत्तय १३) बियाण्यात दोष नव्हता. काही बी काटेरी झाडांत पडले आणि त्या झाडांनी त्याची वाढ खुंटवली. काट्यांचे मूळ पेरणीच्या आधीपासून त्या मातीत होते. आजचा धडा या ‘आधी’बद्दल आहे.

उघड्या मातीत तण का येते?

मातीच्या वरच्या थरात तणाचे बी वर्षानुवर्षे पडून असते. गाजर गवताचे एक झाड हजारो बिया टाकते. यातील बरेचसे बी अगदी बारीक असते. त्याच्या पोटात शिदोरी थोडी असते, म्हणून ते वरच्या एक-दोन बोटांच्या थरातूनच उगवू शकते. पुष्कळ तणांच्या बियांना रुजण्यासाठी उजेडही लागतो. आपण जमीन खोल खणतो तेव्हा खाली निजलेले बी वर आणतो आणि त्याला उजेड व ओल दोन्ही देतो.

माती झाकली की उजेड अडतो. जे बी तरीही रुजते, त्याचा कोवळा कोंब जाड थरातून वर येण्याआधी शिदोरी संपून मरतो. आच्छादनाचे सारे गणित एवढेच आहे. त्याशिवाय पावसाच्या थेंबांचा मार मातीवर बसत नाही, उतारावरची माती वाहून जात नाही आणि पावसाची उघडीप पडली तर ओल टिकते.

हे ज्ञान डोंगरात नवे नाही

सह्याद्रीतील महादेव कोळी, ठाकर व इतर समाज पिढ्यान्‌पिढ्या राब भाजत आले आहेत. भाताचे किंवा नाचणीचे रोप जेथे टाकायचे, त्या जागेवर शेण, झाडाचा टहाळ, पालापाचोळा व गवत यांचे थर रचतात, वर थोडी माती पसरतात आणि उन्हाळ्यात तो थर हळूहळू जाळतात. त्या आचेने वरच्या थरातील तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते आणि राख मिळते. रोपवाटिका तणाविना उगवते.

या पद्धतीवर वादही झाले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक तक्रारींसाठी मुंबई सरकारने १८८५ साली आयोग नेमला, तेव्हा राबासाठी टहाळ तोडण्याचा हक्क हा मोठा प्रश्न होता. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह राबाचा शास्त्रीय अभ्यास करून १९१२ साली तो प्रसिद्ध केला. १९७६ साली इस्राएलमधील शास्त्रज्ञ काटान यांनी ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून नुसत्या उन्हाच्या तापाने मातीतील रोग कमी करता येतात हे दाखवले. त्याच तापाने तणाचे बीही मरते. आग असो वा ऊन, पेरणीआधी जमीन झाकायची हे दोन्हींत समान आहे.

परसबागेत आपण तिसरा मार्ग घेतो. ना आग, ना प्लास्टिक, फक्त काळोख. ज्या बाईला राब ठाऊक आहे तिला ही गोष्ट चटकन समजते. म्हणून वाडीत शिकवायला जाताना आधी तिच्याकडून राब समजून घ्यावा आणि मग आच्छादनाचे बोलावे.

कृती

१. जागा लहान घ्या. पहिल्या वर्षी १० फूट लांब व १० फूट रुंद एवढी पुरे. तिच्यावर अर्धा फूट थर द्यायचा तर ५० घनफूट पालापाचोळा लागतो. सबंध गुंठा झाकायचा तर ५४५ घनफूट लागेल आणि तेवढा गोळा करताना माणूस थकून जाईल.

२. वळवाचा पाऊस पडून तण उगवू द्या. ते दोन-चार पानांवर असताना खुरप्याने वरच्यावर खरवडून काढा. खोल खणू नका.

३. कुजलेले शेणखत पसरा. माती ओली असतानाच झाका. कोरडी माती झाकली तर हलका पाऊस वरच्या थरातच अडकतो.

४. पुठ्ठे मिळाले तर आधी ते भिजवून अंथरा. एकाची कड दुसऱ्यावर वीतभर चढली पाहिजे, नाहीतर तण त्या फटीतून वर येते. पुठ्ठ्यावरची चिकटपट्टी व पिना आधी काढा.

५. वर पालापाचोळ्याचा अर्ध्या फुटाचा सैल थर द्या. पावसाने तो बसतो व तीन-चार बोटे उरतो. वाऱ्याने उडू नये म्हणून वर काटक्या ठेवा.

६. तीन-चार आठवडे थांबा. मग दोडका, काकडी, भोपळा, घेवडा यांच्यासाठी हाताने आच्छादन बाजूला सारून आळे करा व बी लावा. रोपाच्या खोडापासून चार बोटे जागा मोकळी ठेवा. मेथी-कोथिंबिरीसारखे बारीक बी आच्छादनाखाली उगवत नाही. त्यांच्यासाठी वाफा उघडाच ठेवा.

काय वापरावे, काय वापरू नये

येथे बाहेरच्या माणसाने जपून बोलावे. पुस्तकात आच्छादनासाठी भाताचा पेंढा सांगितलेला असतो. पण आपल्या वाड्यांत पेंढा म्हणजे गुरांचा चारा. तो मातीवर पसरा असे सांगणे म्हणजे गाईच्या तोंडचा घास काढणे. राबाचा पालाही मागू नये. त्यावर घरचे भात अवलंबून आहे.

उरते ते असे : साग, पळस, आंबा यांची गळालेली पाने, भाताचे तूस, गुरांनी टाकलेले चिपाड, बी धरण्याआधी उपटलेले तण. जिल्ह्याच्या उसाच्या पट्ट्यात तोडणीनंतर एका हेक्टरमागे साधारण ८ ते १० टन पाचट उरते आणि पुष्कळ ठिकाणी ते पेटवून देतात. ते शेतातच आच्छादन म्हणून ठेवावे असे कृषी विभाग सांगतो. ज्या शेतकऱ्याला ते नकोच असेल, त्याचे पाचट वर डोंगरात नेता येते.

संगमनेर-अकोल्याच्या टोमॅटो शेतीत मल्चिंग पेपर सर्रास दिसतो आणि तो तण रोखतोही. पण हंगामानंतर त्याच्या चिंध्या बांधावर उरतात, पुढे जाळल्या जातात आणि दर वेळी नवा विकत घ्यावा लागतो. रोख पैसा कमी असलेल्या घराला ही सवय लावू नये.

मर्यादा

लव्हाळा आणि हरळी यांना आच्छादन पुरत नाही. त्यांच्या गाठी व मुळ्या जमिनीत शिदोरी बाळगून असतात. लव्हाळ्याचे टोक तर प्लास्टिकही भेदते. त्यांना खणूनच काढावे लागते.

घाटघर-रतनवाडीसारख्या अतिपावसाच्या भागात जाड थराखाली गोगलगाई वाढतात व खोड सडते. तेथे पाऊस जोर धरल्यावर थर पातळ करावा. पालापाचोळ्यात विंचू व साप आसरा घेतात. म्हणून ढीग दारापाशी नको, आणि काठीने हलवल्याशिवाय हात घालू नये. हे मुलांना आवर्जून सांगावे.

आणखी एक गोष्ट. टाकळा, कुर्डू, केना यांना आपण तण म्हणतो, पण पावसाळ्याच्या तोंडावर त्याच वाड्यांतील ताटात त्या रानभाज्या असतात. म्हणून सगळी जागा झाकू नये. बांधाकडेची एक पट्टी उघडी ठेवावी. कोणते तण काढायचे आणि कोणते शिजवायचे हे त्या घरची बाई आपल्यापेक्षा चांगले जाणते.

मंडळीने काय करावे?

या कामाला मोठा निधी लागत नाही. दुकानांतून साधे, चकाकी नसलेले पुठ्ठे गोळा करणे, पाचटाच्या एका फेरीचे भाडे देणे, मे महिन्यात दोन दिवस वाडीत जाऊन पाने गोळा करण्यास हात लावणे, एवढे पुरे आहे. बियाण्याच्या पुडीबरोबर खुरपणीचे काही दिवस वाचवणारा हा थरही पोहोचला, तर त्या पुडीचे चीज होईल.

महिला मंडळ व तरुण संघासाठी चर्चेचे प्रश्न

१. आपण दिलेल्या मदतीमुळे त्या घरातील कोणाचे काम वाढते? कोणाचे कमी होते?

२. आपल्या गावात किंवा वसाहतीत जाळली जाणारी कोणती वस्तू जमीन झाकण्यास उपयोगी पडेल?

३. आपल्या आजी-आजोबांना शेतीची जी रीत ठाऊक होती, ती आपण कोणाकडून व केव्हा शिकून घेणार?