सांधा न दिसणारी नक्षी

मुंबईच्या जुन्या इमारतींत, १९२२ साली स्थापन झालेल्या भारत फ्लोअरिंग टाइल्स या कंपनीच्या नक्षीदार लाद्या आढळतात. एका लादीच्या उजव्या कडेशी थांबलेली रेषा शेजारच्या लादीच्या डाव्या कडेपासून पुढे चालते. म्हणूनच नक्षी अखंड भासते. संगणकाच्या पडद्यावरील पार्श्वभूमीही एकाच लहान चित्राच्या पुनरावृत्तीने भरता येते; मात्र कडेचा एक दोष शंभर ठिकाणी उमटतो.

तो टाळण्यासाठी चित्र मध्यावर उभे कापून दोन्ही अर्ध्यांची अदलाबदल करावी. बाहेरच्या कडा आता मूळ मध्यरेषेच्याच असल्याने आपोआप जुळतात. विसंगती मध्यभागी येते. तेथे ती रंगवून मिटवावी. मग आडवा छेद घेऊन हीच क्रिया करावी. शेवटी अदलाबदल पुन्हा करून पाहावी. कोठेही सांधा दिसला नाही, म्हणजे नक्षी साधली.