जॅकी मॅक्लीन : वादक आणि शिक्षक

जॅझ हे मुख्यतः उत्स्फूर्त वादनाचे संगीत. ते महाविद्यालयाच्या वर्गात शिकविता येईल काय? गुरुगृही मिळविलेली विद्या खरी की संगीत विद्यालयातली, हा वाद आपल्याकडेही जुनाच आहे. त्या दृष्टीने अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॅकी मॅक्लीन यांची कारकीर्द अभ्यासण्याजोगी आहे.

१९३१ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले मॅक्लीन हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत वाढले. थोर पियानोवादक बड पॉवेल शेजारीच राहत. त्यांच्याकडे जाऊन बसणे हीच मॅक्लीन यांची शाळा. विशीतच, १९५१ मध्ये, माइल्स डेव्हिस यांच्यासोबत त्यांचे ध्वनिमुद्रण झाले. त्या काळी प्रत्येक आल्टो सॅक्सोफोनवादकावर चार्ली पार्कर यांची गडद छाया होती. अनुकरण सोडून स्वतःचे वाजव, असा आग्रह चार्ल्स मिंगस यांनी धरला, आणि मॅक्लीन यांचा तो किंचित चढा, धारदार, काहीसा आंबटगोड स्वर सिद्ध झाला. काहींना तो बेसूर वाटतो. प्रस्तुत लेखकाला मात्र त्या चढेपणातच त्यांची ओळख दिसते.

पण पार्कर यांच्या पिढीचे हेरॉइनचे व्यसनही त्यांना जडले. न्यूयॉर्कमध्ये मद्य मिळणाऱ्या जागी वाजविण्यास पोलिसांचा परवाना लागे. तो गेला, आणि रोजची मिळकत बुडाली. उरली ध्वनिमुद्रणे आणि रंगभूमी. व्यसनींच्या जीवनावरील ‘द कनेक्शन’ या १९५९ च्या नाटकात ते वाजवीत आणि भूमिकाही करीत. ‘लेट फ्रीडम रिंग’ ही १९६२ ची ध्वनिमुद्रिका याच अडचणीच्या काळातली. त्याच वर्षाअखेर त्यांनी टोनी विल्यम्स या सतरा वर्षांच्या ड्रमवादकाला बोस्टनहून न्यूयॉर्कला आणले. काही महिन्यांत तो माइल्स डेव्हिस यांच्या संचात होता. शिक्षकाची नजर म्हणतात ती हीच.

१९६८ च्या सुमारास मॅक्लीन हार्टफर्ड विद्यापीठाच्या हार्ट संगीत विद्यालयात शिकवू लागले. केवळ बोटांची तयारी नव्हे, तर या संगीतामागचा कृष्णवर्णीयांचा इतिहासही ते शिकवीत. १९७० मध्ये पत्नी डॉली यांच्यासह त्यांनी त्याच शहरात ‘आर्टिस्ट्स कलेक्टिव्ह’ ही संस्था काढली. तेथे वस्तीतील मुलांना संगीत, नृत्य, नाट्य व चित्रकला शिकविली जाई. ज्या व्यसनाने आपली वर्षे खाल्ली, त्याच्या वाटेवर ही मुले जाऊ नयेत, ही त्यामागची तळमळ.

मॅक्लीन २००६ मध्ये वारले. त्यांच्या वर्गातील ट्रोम्बोनवादक स्टीव्ह डेव्हिस पुढे गुरूच्या संचात वाजला, आणि त्याच विद्यालयात शिकवूही लागला.