प्रश्नाआधी आधार

२५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे पुण्याच्या स्वारगेट एस.टी. स्थानकात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाल्याची तक्रार नोंदली गेली आणि सारे राज्य हादरले. स्थानकावरील पहारा, दिवाबत्ती यांची चर्चा झाली. ती आवश्यकच होती. परंतु त्याच वेळी ‘तिने आरडाओरडा का केला नाही?’ असा प्रश्नही जाहीरपणे विचारला गेला. संकटग्रस्तांशी ज्यांचा कामानिमित्त संबंध येतो, अशा सर्वांनी या प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे.

संकटसमयी माणूस प्रतिकार करतो किंवा पळ काढतो, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि तीव्र भीतीने शरीर थिजते, वाचा बसते, हेही तितकेच स्वाभाविक होय. पुढे हकिगत सांगताना क्रम चुकणे, काही भाग न आठवणे किंवा डोळ्यांत पाणी न येणे हे खोटेपणाचे लक्षण नव्हे. ते आघाताचे परिणाम असू शकतात. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून स्त्रीची संमती होती असे मानता येत नाही, अशी तरतूद २०१३ साली कायद्यात आली. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही ती कायम आहे.

ही जाण प्रत्येक व्यवसायात निराळ्या रूपाने उतरते. मदतीसाठी आलेल्या स्त्रीला एस.टी.च्या वाहकाने वा वाहतूक नियंत्रकाने गर्दीपासून दूर बसवावे, सोबत द्यावी, तिच्या इच्छेने नातलगांना व पोलिसांना कळवावे. तपशील खोदून विचारू नये. पोलीस ठाण्यात महिला अधिकाऱ्याने तक्रार नोंदवावी, हद्दीच्या कारणावरून तिला परत पाठवू नये, असा कायदाच आहे. तीच हकिगत अनेकांपुढे पुन्हा पुन्हा सांगावी लागणार नाही, याचीही दक्षता हवी.

डॉक्टरांनी तपासणीचा प्रत्येक टप्पा समजावून सांगून संमती घ्यावी. उपचार विनामूल्य व तत्काळ देण्याचे बंधन खासगी रुग्णालयांवरही आहे. दोन बोटांची चाचणी करणे हे गैरवर्तन ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावले आहे. वार्ताहरांनी पीडितेचे नावच नव्हे, तर तिची ओळख पटेल असा कोणताही तपशील टाळावा.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. मुंबईत वांद्रे येथील भाभा रुग्णालयात महानगरपालिका व ‘सेहत’ ही संस्था यांनी २००० साली ‘दिलासा’ केंद्र उभारले; तेथे उपचाराबरोबर समुपदेशनाचीही सोय झाली. २०१३ मध्ये राज्य शासनाने ‘मनोधैर्य’ योजना सुरू केली.

योजना व कायदे यांचा लाभ मात्र पीडिता बोलती झाली तरच मिळतो. ती बोलेल की गप्प राहील, हे पुष्कळदा प्रथम भेटणाऱ्या माणसाच्या वागण्यावर अवलंबून असते. तो माणूस वाहक, शिपाई, परिचारिका किंवा शिक्षिका, कोणीही असू शकेल. म्हणूनच हे शिक्षण केवळ मानसोपचारतज्ज्ञांपुरते न ठेवता या सर्वांच्या नेहमीच्या प्रशिक्षणात समाविष्ट होणे अगत्याचे आहे.