हात मिळवण्याआधी कागद

गिरगाव, मुंबई

चि. मनू हिस,


तुझं पत्र परवा मिळालं. त्याआधीच ताईचा फोन येऊन गेला होता, त्यामुळे आत काय असणार याची कल्पना होती. नोकरी सोडून मित्रमैत्रिणींच्या बँडची गाणी स्वतःच्या लेबलवर काढणार, कव्हरांची चित्रं स्वतः करणार आणि वर ती तीन डोळ्यांची खेळणीही विकणार! घरात सगळे 'एक काहीतरी धर' म्हणताहेत आणि मामानेही तेच सांगावं म्हणून मला मध्ये घातलं आहे. मी ते सांगणार नाही. मला सांगायचं आहे ते ताईला आवडेल. तुला आवडेलच असं नाही.

कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा एक माणूस तुला ठाऊक हवा. लाँग गॉन जॉन या टोपणनावाने तो ओळखला जातो. 1988 साली त्याने 'सिम्पथी फॉर द रेकॉर्ड इंडस्ट्री' नावाचं लेबल काढलं. नावातच खोडी आहे. रोलिंग स्टोन्सच्या गाण्यात सहानुभूती सैतानाला होती, याने सैतानाच्या जागी अख्खा रेकॉर्डचा धंदा बसवला. लेबल म्हणजे जवळजवळ तो एकटाच. जे कानाला आवडलं ते काढलं, आणि असं करत सातशेहून जास्त रेकॉर्ड्स काढल्या. कर्टनी लव्हच्या 'होल'चं पहिलं सिंगल 1990 मध्ये त्याने आणलं. डेट्रॉइटच्या व्हाइट स्ट्राइप्सचे 1999, 2000 आणि 2001 सालचे पहिले तीन अल्बम त्याचेच. त्यातला दुसरा तर जॅक व्हाइटच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत ध्वनिमुद्रित झालेला. त्यांच्या ज्या गाण्याची धून आज फुटबॉलच्या मैदानात हजारो लोक ओरडून म्हणतात, ते मात्र 2003 चं. तोवर ती मंडळी त्याच्याकडून निघून मोठ्या घरी गेली होती. हे लक्षात ठेव, या मुद्द्याकडे परत येऊ.

या माणसाला दुसरा नाद चित्रांचा. मोठ्या गॅलऱ्यांनी नाकं मुरडलेली, कॉमिक्स, हॉट रॉड गाड्या आणि जत्रेतल्या फलकांच्या पोटातून आलेली चित्रकला तिकडे 'लोब्राउ' म्हणून ओळखतात. ती त्याने घर भरेपर्यंत जमवली. त्या संग्रहावर ग्रेग गिब्जने 2006 मध्ये एक माहितीपटही केला. तुला वाटेल, मामाला हे कुठून कळलं? कॅसेटच्या दुकानातून. मायकेल जॅक्सनची 'डेंजरस' 1991 ला आली तेव्हा माझ्या गल्ल्यामागे ती रांगेने मांडलेली असायची. गिऱ्हाईक नसलं की मी त्या कव्हरवरचे डोळे, मुकुट, प्राणी बघत बसायचो. इनले कार्डाएवढ्या कागदात चित्र मावत नव्हतं, तरी दर वेळी काहीतरी नवं सापडायचं. ते चित्र मार्क रायडनचं, हे मला फार उशिरा समजलं. जॉन ज्या चित्रकारांच्या मागे होता त्यांतलाच हा एक.

मग त्याने खेळणी काढायला सुरुवात केली. कंपनीचं नाव 'नेसेसरीज टॉय फाउंडेशन'. खेळण्यांना गरजेच्या वस्तू म्हणणारा माणूस मला तिथेच आवडून गेला. रायडनसारख्यांच्या डोक्यातली पात्रं व्हिनाइलची होऊन थोड्या संख्येने बाहेर पडू लागली. आता तुझे काका म्हणतील, रेकॉर्ड कुठे आणि बाहुली कुठे! त्यांना म्हणावं, पदार्थ एकाच घराण्यातला आहे, पीव्हीसी. रेकॉर्डसाठी लाखेच्या तबकडीवर विजेच्या साहाय्याने निकेलचा थर चढवतात, त्यातून शिक्के तयार होतात, आणि दोन शिक्क्यांमध्ये गरम गोळा दाबला की अर्ध्याएक मिनिटात तबकडी बाहेर येते. खेळण्याचा साचाही मेणाच्या मूर्तीवर असाच धातू चढवून करतात. त्यात पातळ व्हिनाइल ओतायचं, तापवायचं, आतल्या बाजूला थर धरला की उरलेलं ओतून टाकायचं आणि गरम असतानाच पकडीने ओढून काढायचं. बाहुली आकसून बाहेर येते आणि बाहेर आली की फुगून आपल्या आकाराला जाते. म्हणजे तू तीन धंदे करत नाहीयेस. निवडणारी नजर एक आहे. ती कुठे गाणं उचलते, कुठे चित्र, कुठे खेळणं. ही नजर असेल तर 'एक धर' म्हणणाऱ्यांना चहा पाजून वाटेला लाव.

आता कडू. जॉन लेखी करारांच्या भानगडीत न पडता शब्दावर रेकॉर्ड काढायचा, अशी त्याची ख्याती. तुझ्या पत्रातही 'आमचं सगळं विश्वासावर आहे' हे वाक्य दोनदा आलंय. मनू, विश्वास होता म्हणूनच मी दुकान चालवत असताना एका भजनी मंडळाची कॅसेट काढली. पाचशे प्रती, अर्धे पैसे माझे, अर्धे एका स्नेह्याचे, कागद कुठेच नाही. पाचशे प्रती खपेपर्यंत आम्ही एका ताटात जेवत होतो. तिसऱ्यांदा माल काढायची वेळ आली तेव्हा रॉयल्टी कोणाला, मूळ टेप कोणाच्या कपाटात, हे प्रश्न निघाले. तोटा झाला असता तर आम्ही आजही मित्र असतो. नफ्याने घात केला. आणि त्यात मीही साधू नव्हतो. मूळ टेप माझ्याच कपाटात होती आणि मी चार महिने ती दिली नाही.

म्हणून पहिल्या बँडबरोबर एक पान कर. वकिलाची भाषा नको, मराठीत लिही. मूळ ध्वनिमुद्रण कोणाचं, किती प्रती, खर्च भागल्यावर पैसे कसे वाटायचे, आणि ते उद्या मोठ्या कंपनीकडे गेले तर तुझ्या प्रती तू किती वर्षं विकू शकतेस. शेवटचा मुद्दा लिहिताना सगळे हसतील. हसू दे, लिही. व्हाइट स्ट्राइप्सचा तिसरा अल्बम पुढच्याच वर्षी व्ही टू या मोठ्या लेबलने पुन्हा बाजारात आणला. चांगलं गाणारी माणसं जाणारच. कव्हर काढणाऱ्यालाही कागद दे, ती तू स्वतः असलीस तरी. आणि खेळणी दुसऱ्याच्या चित्रावरून केलीस तर त्याच्या सहीवाचून साच्याला हात लावू नकोस. साच्याचे पैसे एकदा गेले की गेले.

जॉन प्रत्येक रेकॉर्डला लेबलच्या आद्याक्षरांसह क्रमांक द्यायचा. तूही पहिल्या रेकॉर्डवर 1 घाल. एक प्रत मला पाठव, फुकट नको, किंमत कळव.

दिवाळीला येशील तेव्हा 'डेंजरस'ची ती कॅसेट घेऊन जा. टेप गुंतून बसली आहे, कव्हर मात्र चांगलं आहे.

तुझा,
मामा