बाणाचा फाळ : थोडी मेकॅनिक्स, थोडा कायदा



तूर-हरभऱ्याच्या दिवसांत गावाकडून परत आलेल्या बार्शीटाकळी, पातूर, मंगरूळपीरच्या मुलांचा हॉस्टेलवर एक विषय ठरलेला असतो. "रोह्यानं तूर खाल्ली, हरणाच्या कळपानं हरभरा साफ केला!" मग कोणीतरी म्हणतंच, "अबे, बंदुकीचा आवाज होते, लायसन लागते. ते अमेरिकेतलं कंपाउंड धनुष्य अन् मेकॅनिकल ब्रॉडहेड आणू, काम खल्लास!"

हे 'काम' खरंच खल्लास होतं का, ते फर्स्ट इयरच्या अप्लाइड मेकॅनिक्सवर तपासून बघू.

1) ब्रॉडहेड म्हणजे काय?

शिकारीच्या बाणाला पुढे जे धारदार पात्यांचं टोक लावतात ते ब्रॉडहेड. आम्ही कॉन्व्हेंटवाले त्याला दुसरं काही म्हणत नव्हतो; 'फाळ' हा शब्द मला आजोबांकडून मिळाला. नांगराचा फाळ, भाल्याचा फाळ, तसाच बाणाचा फाळ.

याचे मुख्य दोन प्रकार. फिक्स्ड फाळाची पाती कायम उघडी असतात. मेकॅनिकल फाळाची पाती उडताना मिटलेली असतात. रबर रिंग, प्लॅस्टिकची कॉलर किंवा स्प्रिंग त्यांना धरून ठेवते. टोक आदळलं की पाती उघडतात. दोन्ही साधारण 100 किंवा 125 ग्रेनचे मिळतात (1 ग्रेन = 0.065 ग्रॅम).

2) बाण मारतो कसा?

समजा बाण 26 ग्रॅमचा आणि वेग 85 मीटर/सेकंद (चांगल्या कंपाउंड धनुष्याचा वेग).

गतिज ऊर्जा = ½ × 0.026 × 85² = सुमारे 94 ज्यूल.

आता आपला 160 ग्रॅमचा क्रिकेट बॉल ताशी 120 किमी वेगाने टाकला तर ऊर्जा येते सुमारे 89 ज्यूल. म्हणजे जवळपास तेवढीच! रायफलच्या गोळीची ऊर्जा मात्र हजारो ज्यूल असते. म्हणून बाण धक्क्याने मारत नाही, तो कापतो. फुफ्फुस किंवा हृदयापर्यंत पोचला आणि रक्तस्राव झाला तरच प्राणी लवकर मरतो. नाहीतर तो जखमी होऊन पळतो. सगळी निवड या एका गोष्टीवर आहे : पातं पुरेसं खोल गेलं पाहिजे.

3) मग पाती मिटवायची कशाला?

उघडी पाती म्हणजे पुढच्या टोकाला लावलेले पंखच. बाण जरा तिरका सुटला की हवा त्यांना ढकलते आणि बाण भरकटतो. मागची पिसं त्याला सरळ करायला बघतात, पुढचे पंख वाकडं करायला! मिटलेल्या पात्यांत हा त्रास कमी, म्हणून मेकॅनिकल फाळ साध्या प्रॅक्टिस पॉइंटसारखा उडतो. बाणाचा तोल मध्याच्या 10 ते 15 टक्के पुढे ठेवला तरी उड्डाण सुधारतं. बाण 71 सेंमीचा असेल आणि मागून 44 सेंमीवर तोलला गेला, तर (44 − 35.5) ÷ 71 = 12 टक्के. ठीक!

4) फुकट काहीच मिळत नाही

उड्डाणात जे वाचवलं, ते आदळताना द्यावं लागतं. पाती उघडायला ऊर्जा लागते. तिरका मार बसला तर एक पातं आधी अडकतं आणि बाण वळतो. हलणारा सांधा आला म्हणजे बिघडायची जागा आली, हे मशीन डिझाइनवाल्यांना सांगायला नको.

जाहिरातीत फक्त व्यास छापतात. तो बघू नका, एकूण कापाची लांबी काढा : त्रिज्या × पात्यांची संख्या.

• फिक्स्ड, 3 पाती, 28 मिमी : 14 × 3 = 42 मिमी
• मेकॅनिकल, 2 पाती, 50 मिमी : 25 × 2 = 50 मिमी
• मेकॅनिकल, 3 पाती, 38 मिमी : 19 × 3 = 57 मिमी

बघा, 38 चा फाळ 50 च्या फाळापेक्षा जास्त कापतो! पण कापाची लांबी वाढली की विरोध वाढतो. कार्य = बल × अंतर, ऊर्जा तर तेवढीच. म्हणजे खोली कमी.

5) जिथे ही शिकार कायदेशीर आहे, तिथे निवड कशी करतात?

अमेरिकेत व्हाइटटेल हरणाची शिकार ठराविक सीझनमध्ये, परवाना घेऊन होते. तिथला जाणकार साधारण असा विचार करतो :

• धनुष्य हलकं असेल तर अरुंद, दोन पात्यांचा फिक्स्ड फाळ.
• धनुष्य जोरदार आणि प्राणी पातळ कातडीचा असेल तर मेकॅनिकल चालतो. त्यातही मागून सरकून उघडणाऱ्या पात्यांची ऊर्जा कमी वाया जाते.
• ऊर्जा तेवढीच असताना बाणाचं वजन सव्वापट केलं, तर संवेग सुमारे 12 टक्के वाढतो. खोलीसाठी ते बरं.
• धनुष्य नीट ट्यून केलं तर फिक्स्ड फाळही सरळ जातो. फाळ बदलून ट्यूनिंगची चूक झाकू नये.
• कोन वाईट असेल तर बाण सोडायचाच नाही.

6) आता बार्शीटाकळीच्या शेतात या

आपल्याकडे उघडं रान. काळवीट (शास्त्राने हे हरीण नाही, कुरंग, त्याची शिंगं दरवर्षी गळत नाहीत) माणसाला जवळ येऊच देत नाही. समजा 40 मीटरवरून बाण सोडला. बाणाला लागतात 0.47 सेकंद, दोरीच्या आवाजाला 0.12. म्हणजे प्राण्याला 0.35 सेकंद आधी कळतं. दचकायला थोडा वेळ गेला असं धरलं, तरी उरलेल्या 0.2 सेकंदात नुसत्या गुरुत्वाने शरीर जवळपास 20 सेंमी खाली जाऊ शकतं. छातीवर धरलेला बाण पाठीत बसतो किंवा वरून जातो. कितीही महाग फाळ आणा, हे गणित बदलत नाही. तुरीत उरतो तो तडफडणारा प्राणी.

आणि कायदा? वन्यजीव संरक्षण कायदा 1972, कलम 9 : शिकारीला बंदी. 'शिकारी'च्या व्याख्येत मारणं तर आहेच, जखमी करणं आणि तसा प्रयत्नही आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे किमान 3 आणि जास्तीत जास्त 7 वर्षं कैद. गुन्ह्यात वापरलेलं आणि जप्त झालेलं हत्यार सरकारजमा. आपल्या तालुक्यातल्या महानच्या धरणाभोवती काटेपूर्णा अभयारण्य आहे, तिथली चौसिंगा आणि भेकरं याच कायद्याने जगली आहेत. 'आवाज होत नाही' म्हणून धनुष्याला वेगळा नियम नाही.

पण शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, ते हसण्यावारी नेऊ नका. पिकाची नुकसानभरपाई वनखात्याकडे मागता येते. लगेच अर्ज करा, पंचनामा करून घ्या. घरचे कंटाळा करत असतील तर अर्ज तुम्ही लिहा, एवढं शिकलो कशासाठी! सौर कुंपणात करंटचे छोटे झटके येतात, ते चालतं. मेन लाइनची तार थेट कुंपणाला जोडणं मात्र माणसाच्याही जिवावर येतं. इलेक्ट्रिकलच्या मित्रांनो, सेमिनारला यापेक्षा चांगला विषय नाही.

ज्यांना धनुष्यच हवंय त्यांच्यासाठी कंपाउंड तिरंदाजीचा खेळ आहे. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने 2023 मध्ये शांघायच्या वर्ल्ड कपमध्ये नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला हरवून सुवर्ण घेतलं. त्याच वर्षी बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले. तिथे 50 मीटरवर 10 गुणांचं वर्तुळ फक्त 8 सेंमीचं, आणि बाणाला साधं गुळगुळीत टोक. फाळ निवडायची भानगडच नाही!

म्हणून पुढच्या वेळी मेसमध्ये कोणी 'काम खल्लास' म्हणाला, तर त्याला कागद-पेन द्या आणि 0.35 सेकंदांचं गणित सोडवायला सांगा.