मोबाईलमधील पावले आणि चहातील साखर

गेल्या उन्हाळ्यात एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. वय ६२, मधुमेह सात वर्षांचा. खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "डॉक्टर, हे बघा. नातवाने अ‍ॅप घालून दिलंय. रोज आठ हजारांच्या वर पावलं, खाणं चौदाशे कॅलरी. सगळं हिरवं!" मी त्यांचा रिपोर्ट उघडला. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी ८.९ होती. गुरुजींचा चेहरा उतरला. मोबाईल खोटा की लॅबोरेटरी, असा त्यांचा सरळ प्रश्न.

वाचकहो, दोन्ही खरे होते. खोट होती ती नोंदीत. गुरुजी दिवसाला पाच कप चहा घेत, प्रत्येक कपात दोन चमचे साखर. चहा म्हणजे काही 'खाणे' नव्हे, म्हणून तो लिहिलाच नव्हता. चहाच्या एका चमच्यात सुमारे ५ ग्रॅम साखर मावते, तिच्या २० कॅलरी. दहा चमच्यांच्या झाल्या २००, दूध वेगळेच. दुसरी गोष्ट भाकरीची. अ‍ॅपमध्ये त्यांनी 'रोटी' निवडली होती. ती रोटी म्हणजे तीसेक ग्रॅम पिठाचा फुलका, शंभर कॅलरींचा. मी त्यांच्या घरच्या बाईंना एका भाकरीचे पीठ तोलायला सांगितले, ते भरले ८० ग्रॅम! म्हणजे एका भाकरीच्या पावणेतीनशे कॅलरी. दिवसाच्या चार भाकऱ्या धरल्या तर फरक सहाशे-सातशेचा पडतो. ज्वारी वाईट नव्हे, उलट चांगलीच. पण यंत्राला आपल्या घरचे ताट दिसत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यपदार्थांतील घटकांची कोष्टके प्रसिद्ध केली आणि २०१९ मध्ये 'न्यूट्रिफाय इंडिया नाऊ' हे अ‍ॅपही काढले. आपल्या अन्नाची माहिती नाही, असे आता म्हणता येत नाही. तरी वाटी केवढी आणि फोडणीला तेल किती, हे ज्याचे त्यानेच सांगावे लागते. तेलाचा हिशेब तर मोबाईलशिवायही होतो. महिन्याला लागणाऱ्या तेलाला घरातील माणसांनी भागा. माणशी एक किलो आले, तर रोजचे ३३ ग्रॅम, म्हणजे जवळपास ३०० कॅलरी. बहुतेक घरांतून हा आकडा ऐकून गृहिणी माझ्यावरच रागावतात.

आता पावलांविषयी. दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या वैद्यकीय ग्रंथातून आलेला नाही. १९६५ साली जपानमधील एका कंपनीने पावले मोजणारे उपकरण विक्रीस आणले. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. नाव लोकांच्या तोंडी बसले आणि आकडाही बसला. २०१९ साली अमेरिकेत वयस्क स्त्रियांवरील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला साधारण ४४०० पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण फार कमी चालणाऱ्यांपेक्षा घटलेले दिसले. ७५०० च्या पुढे मात्र फायदा विशेष वाढला नाही. तेव्हा दहा हजार झाली नाहीत म्हणून रात्री अकराला अंगणात फेऱ्या मारण्याचे कारण नाही. आठवड्याला १५० मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा वेगाने चालावे. फोन खिशातील हेलकावे मोजतो. शेतात वाकून खुरपणारी बाई दिवसभर राबते, पण तिचा मोबाईल झाडाला टांगलेल्या पिशवीत असल्याने हिशेबात शून्य!

येथपर्यंतच्या चुका परवडतात. पुढची परवडत नाही. एका ४८ वर्षांच्या दुकानदाराने स्वस्तातले मनगटी घड्याळ घेतले. ते रोज रक्तदाब १२२/८० दाखवी. रक्तदाब उतरला, असे समजून त्यांनी दोन महिने गोळी बंद ठेवली. मला विचारले नाही. एका सकाळी तोंड वाकडे झाले म्हणून त्यांना आणले, तेव्हा रक्तदाब २१०/१२० होता. लगेच जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. जीव वाचला, पण उजव्या हाताने अजून वजनकाटा उचलता येत नाही.

दंडाला पट्टा बांधून मोजलेल्या रक्तदाबावरच विश्वास ठेवा. आधी पाच मिनिटे शांत बसावे, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. तसेच सुई न टोचता रक्तातील साखर सांगणारी घड्याळे व अंगठ्या विकल्या जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या वापरू नयेत, असा स्पष्ट इशारा दिला आहे. त्या आकड्यावर इन्शुलिन घेणे म्हणजे जिवाशी खेळ. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना अ‍ॅपने सांगितले म्हणून एकदम जेवण तोडू नका. साखर खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यावी, मग दवाखाना गाठावा. गरोदर स्त्रिया व मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहार बदलूच नये.

मग मोबाईल फेकून द्यायचा का? मुळीच नाही. गोळीची वेळ झाली की तो वाजतो, ही एकच सोय माझ्या कित्येक विसरभोळ्या रुग्णांना उपयोगी पडली आहे. पावलांचा आकडाही कालच्यापेक्षा आज कमी का, एवढे विचारायला चांगला. आणि खाण्याची नोंद महिनाभर प्रामाणिकपणे केली, तर डॉक्टरला ती रिपोर्टाइतकीच कामाची असते.

गुरुजींना मी तेच सांगितले. चहा, बिस्कीट, देवळातला प्रसाद, सगळे लिहायचे. भाकरी दोन वेळा मिळून दोन आणि सोबत उसळ-भाजी जास्त. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.४ आली. चहा आता दोन कप, बिनसाखरेचा. पहिले आठ दिवस तो औषधासारखा लागला म्हणे. प्रसादाची नोंद मात्र ते अजूनही 'अर्धा चमचा' अशीच करतात.